संघाचं प्रगतिपुस्तक आणि आपला रकाना

(शांती नगर, मीरा रोड येथे वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या आणि बचतगटातल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीचा विषय 'मूल्यमापन कसं करायचं' असा कळवला होता. तुमच्यापैकी बहुतेकजणींना ह्या शब्दाचा कंटाळा आहे आणि तो रास्त आहे. मूल्यमापन म्हटलं की देणगी देणाऱ्या संस्थेकडून कोणीतरी येतं, दोन दिवस राहतं, किती बायका आल्या, किती सह्या झाल्या ते विचारतं आणि आपल्या वर्षभराच्या कामाचा एक आकडा करून घेऊन जातं. समाजकार्याच्या एम.ए.ला ह्या विषयावर मला अख्खा पेपर होता. उद्दिष्टं, साधनं, परिणाम असे रकाने पाडायचे आणि भरायचे. ते फळ्यावर लिहून तुम्हाला झोप आणण्यापेक्षा मी वेगळंच उदाहरण घेणार आहे. एका व्यावसायिक फुटबॉल संघाचा एक संपलेला मोसम आपण तपासू. संघ मुंबई सिटी एफसी, मोसम २०२४-२५.

हसा, हसायला हरकत नाही. पण हे मूल्यमापन आपल्या घराघरांतून झालेलंच आहे. २९ मार्च २०२५, शनिवारची रात्र. बंगळुरूला बाद फेरीचा सामना होता आणि मुंबई ५-० अशी हरली. त्या रात्री शांती नगरच्या जिन्यांवर, पानाच्या गादीपाशी, रिक्षास्टँडवर पोरांनी आणि बाप्यांनी पंधरा मिनिटांत निकाल लावला. प्रशिक्षकाला काढा, अमक्याला विका, तमका म्हातारा झाला. आपण भांडी आवरता आवरता ऐकलं आणि आपला काय संबंध म्हणून सोडून दिलं. मला वाटतं, संबंध आहे. तो काय, ते शेवटी आपोआप कळेल. आधी पंधरा मिनिटांत लागलेला निकाल बरोबर होता का ते बघू.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली आणि मुंबई सिटी पहिल्या मोसमापासून तिच्यात आहे. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल हे तिचं घरचं मैदान. ह्या लीगमध्ये तेव्हा बक्षिसं दोन होती. साखळी सामन्यांत जो पहिला येई त्याला शील्ड. मग वरच्या संघांची बाद फेरी होई, २०२४-२५ ला ती सहा संघांची होती, आणि ती जिंकणाऱ्याला कप. २०२०-२१ साली मुंबईने दोन्ही मिळवले. २०२२-२३ ला पुन्हा शील्ड मिळाली. २०२३-२४ ला शील्ड एका गुणाने हुकली, पण ४ मे २०२४ ला कोलकात्यात जाऊन मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवून कप आणला. म्हणजे ज्या मोसमाबद्दल आपण बोलतोय त्याच्या सुरुवातीला हा संघ कपविजेता होता.

आता आकडे. एकट्या मोसमाचे आकडे कधी बघू नका, मागचे दोन शेजारी ठेवा. बचतगटाची वही बघतानाही आपण हेच करतो. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४ गोल आणि ४६ गुण. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२ गोल आणि ४७ गुण. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २९ गोल आणि ३६ गुण. सामने वाढत गेले आणि गोल कमी होत गेले. एका सामन्याला सरासरी २.७ गोल करणारा संघ तिसऱ्या वर्षी १.२ वर आला. शिवाय २८ गोल खाल्ले, म्हणजे केलेले आणि खाल्लेले ह्यांत फरक उरला फक्त एकाचा. नऊ सामने जिंकले, नऊ बरोबरीत सुटले, सहा हरले. नंबर सहावा.

तेव्हा घसरण झाली, पण ती त्या शनिवारी झाली नाही. गोल आटण्याची सुरुवात कप मिळालेल्या वर्षातच झाली होती. पण कप हातात असताना वही कोण उघडतंय? त्यात २०२३ च्या हिवाळ्यात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मोसम अर्धवट टाकून इंग्लंडला गेले आणि त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. कप मिळाल्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात कप्तान राहुल भेके, मधल्या फळीतला नोगेरा आणि पुढच्या फळीतला परेरा दियाझ असे तिघेही बंगळुरूला गेले. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला, आणि मोहन बागानने त्या वर्षी शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. मुंबईत नवे चांगले खेळाडू आले, नाही असं नाही. ग्रीसच्या कारेलिसने संघातर्फे सगळ्यांत जास्त गोल केले. पण चार जणांच्या जागी चार जण आणले म्हणजे हिशेब जुळतो असं नसतं. कोण कुठे पळणार हे न बघता कळायला दोन-दोन वर्षं लागतात. आपल्या गटातल्या दोन जुन्या कार्यकर्त्या गेल्या तेव्हा काय झालं ते आठवा.

आणखी एक गोष्ट पाहा. ११ मार्चला, साखळीच्या शेवटच्या सामन्यात, ह्याच संघाने ह्याच बंगळुरूला ह्याच मैदानावर २-० हरवलं होतं आणि त्या जोरावरच सहावी जागा पक्की केली होती. १८ दिवसांत तोच संघ, तेच मैदान, आणि निकाल ०-५. एका दिवसावरून माणसाला जोखू नये हे आपण मुलांच्या परीक्षेबद्दल नेहमी म्हणतो, ते इथेही लागू आहे. माझं मत विचाराल तर मोसम वाईट नव्हता, मध्यम होता. कपविजेता संघ राखण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची होती आणि ती पार पडली नाही. खेळाडूंच्या नावाने जे शिव्याशाप झाले त्यांतले निम्मे चुकीच्या पत्त्यावर गेले.

आता त्या शिव्याशापांकडेच येते. त्या रात्री आमच्या जिन्यात कानावर आलेली दोन वाक्यं तुम्हालाही नवी नसतील. एक, 'बांगड्या भरा म्हणावं सगळ्यांनी.' आणि दुसरं, 'बायकांसारखे खेळले साले.' मूल्यमापनाच्या पुस्तकात ज्याला निकष म्हणतात ना, तो हा. चांगलं काय आणि वाईट काय हे ज्या पट्टीने मोजायचं, ती पट्टी. हरणं, कच खाणं, घाबरणं ह्याचं माप म्हणजे बाई.

तर ही पट्टी जरा तपासू. २०२४-२५ ह्याच मोसमात कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचे दोन संघ मैदानात होते. पुरुषांचा संघ सुपर लीगमध्ये १३ संघांत नववा आला, २४ सामन्यांत २८ गुण. बायकांचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये पहिला आला. ११ एप्रिल २०२५ ला त्यांनी आधीच्या वर्षीच्या विजेत्या ओडिशा एफसीला १-० हरवलं, गोल सौम्या गुगुलोथचा, आणि लीग संपायच्या आधीच विजेतेपद पक्कं केलं. पुढे त्या आशियाई क्लब स्पर्धेच्या मुख्य फेरीतही पोचल्या. म्हणजे ईस्ट बंगालचे पुरुष 'बायकांसारखे' खेळले असते तर लीग जिंकले असते! आणि त्याच २०२५ च्या ५ जुलैला भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून भारतीय महिला संघ तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग ईस्ट बंगालचं त्या वर्षाचं प्रगतिपुस्तक कसं लिहायचं? नववा नंबर लिहायचा की पहिला? 'क्लबचा मोसम' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आपोआप पुरुषांचा संघ येतो. म्हणून मी तुम्हाला सांगते, मूल्यमापन करताना आधी कागदावर रकाने कुठले आहेत ते बघा. आकडे नंतर. जो रकानाच पाडलेला नाही त्यात शून्यसुद्धा दिसत नाही.

हाच नियम मुंबई सिटीला लावला तर काय दिसतं? २०१६-१७ साली इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत ह्या क्लबचा संघ तिच्यात एकदाही उतरला नाही. महाराष्ट्रातून एफसी कोल्हापूर सिटी, केंकरे, पिफा, मुंबई नाइट्स अशी नावं वेगवेगळ्या वर्षी दिसली. लहान क्लब, स्वतःच्या हिमतीवर आलेले. पण २०२३-२४ च्या सात संघांत आणि २०२४-२५ च्या आठ संघांत महाराष्ट्रातला एकही संघ नव्हता. ओडिशाचे दोन होते, बंगालचे होते, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, दिल्लीचे होते. आपल्याकडे मैदानं नाहीत म्हणावं तर २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बायकांची अख्खी आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, अंधेरीच्या ह्याच मैदानावरही सामने झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळला झाला. पाहुण्या पोरी येऊन खेळून गेल्या, मांडव निघाला, आणि घरच्या पोरी होत्या तिथेच राहिल्या.

(कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथे फुटबॉलचं वेड एवढं की पेठापेठांतून भांडणं होतात, आणि जुने संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. तालीम म्हणजे पुरुषांची जागा, हे निराळं सांगायला नको. अशा गावातून मुलींचा संघ राष्ट्रीय लीगपर्यंत गेला होता, ही साधी गोष्ट नाही.)

आपल्या शनिवारच्या मुलींच्या गटात एक चौदा वर्षांची मुलगी आहे. गोलकीपर. हातमोजे भावाचे वापरते. तिने मला विचारलं, "ताई, मुंबई सिटीत जायचं तर फॉर्म कुठे मिळतो?" तिच्या भावाने विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. क्लबचे वयोगटांचे संघ आहेत, राखीव संघ आहे, निवड चाचण्या असतात, पायऱ्या दिसतात. कोणी शंभरात एक वर पोचेल, पण जिना आहे. तिला मी एवढंच सांगू शकले की ह्या नावाच्या संघाची पुरुषांच्या बरोबरीची बायकांची टीम लीगमध्ये नाही, दुसऱ्या एखाद्या क्लबात बघू. ती म्हणाली, "पण शर्ट तर आपण त्यांचाच घालतो ना?" निळा शर्ट. दोघी-तिघींकडे आहे.

हा क्लब गरीब म्हणून हे झालं नाही, असं म्हणायला जागा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने त्याचे ६५ टक्के शेअर घेतले आणि डिसेंबर २०२५ पर्यंत मालकी त्यांच्याकडे होती. ह्याच ग्रुपच्या मँचेस्टरच्या क्लबात बायकांचा संघ आहे, मेलबर्नच्याही आहे. मेलबर्नच्या बायकांनी तर पहिल्याच मोसमात लीग जिंकली होती. म्हणजे कसं करायचं हे मालकांना ठाऊक होतं. ते मुंबईत झालं नाही.

आता कोणी म्हणेल, आणि ते खोटं नाही, की इथे पुरुषांचाच फुटबॉल तोट्यात चालतो. २०२५-२६ चा मोसम तर सुरू होतो की नाही अशी वेळ आली, महिनोन्‌महिने खेळाडू घरी बसून होते. अशात बायकांचा संघ कुठून पोसणार? म्हणून एक हिशेब मांडते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एप्रिल २०२३ मध्ये ठरवलं की विमेन्स लीगच्या प्रत्येक क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंशी करार करावा आणि प्रत्येकीला वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्याला साधारण २६ हजार. दहा जणींचे झाले ३२ लाख. प्रवास, राहणं, प्रशिक्षक धरून वाढवा हवं तर चार-पाच पट. पुरुषांच्या लीगमध्ये एका संघाच्या पगारखर्चावर जी मर्यादा घातलेली होती ती दोन आकडी कोटींची होती. तोटा दोन्हीकडे असेल. एकाला आपण गुंतवणूक म्हणतो आणि दुसऱ्याला न परवडणारा खर्च. घरातही मुलाच्या क्लासचे पैसे आणि मुलीच्या क्लासचे पैसे ह्यांना असेच दोन वेगळे शब्द असतात.

आणखी एक रकाना, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२४ मध्ये गोव्यात विमेन्स लीगच्या दुसऱ्या श्रेणीचे सामने चालू होते. हिमाचलच्या खाड एफसीच्या दोन खेळाडूंनी तक्रार केली की महासंघाच्या कार्यकारिणीच्याच एका सदस्याने रात्री खोलीत शिरून मारहाण केली. पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. त्या मुली बोलल्या म्हणून कळलं. परगावी, संघाच्या माणसांवर सगळं अवलंबून असताना बोलणं किती कठीण असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

इथे कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो थोड्याजणींना माहीत आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपण कारखान्यांत आणि ऑफिसांत नेला. त्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' कशाला म्हणायचं ह्याची यादी आहे आणि त्या यादीत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे शब्द स्पष्ट घातलेले आहेत. म्हणजे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक क्लबात अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, बाहेरची एक सदस्य हवी, आणि वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या हे वार्षिक अहवालात लिहायला हवं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आपल्यासाठी ठाणे जिल्ह्याची. तेव्हा एखाद्या क्लबच्या मोसमाचा अहवाल हातात आला तर गोल मोजून झाल्यावर हे पान आहे का ते बघा. पुरुषांचाच संघ असला तरी बघा. तिथे फिजिओ बाई असते, हिशेब बघणारी असते, सफाई करणारी तर असतेच.

प्रेक्षक म्हणून आपलं काय, तेही पटकन सांगते. रात्री साडेसातचा सामना सुटतो साडेनऊला. अंधेरीहून मीरा रोडला घरी पोचेपर्यंत अकरा. नवरा एकटा जाऊ शकतो, पोरं टोळीने जातात. बाई गेली तर आधी उद्याचा डबा, मग कोणाबरोबर जाणार ह्या प्रश्नाचं उत्तर. गॅलरीत बायका कमी दिसतात, मग बायकांना फुटबॉलची आवड नाही असा निष्कर्ष निघतो. निष्कर्ष काढणाऱ्याने एकदा आमच्याबरोबर सामना बघून शेवटून दुसऱ्या लोकलने परत यावं.

मग आपण काय करायचं? इथून जवळच, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुंब्र्याला 'परचम' ह्या गटाने २०१२ पासून मुलींचा फुटबॉल सुरू केला. त्यांनी क्लबाची वाट पाहिली नाही. मुलींसाठी मैदानाची मागणी लावून धरली, घरोघरी जाऊन आयाबापांशी बोलल्या. बुरखा घालणारी, न घालणारी, हिंदू, मुसलमान, सगळ्या एकत्र खेळल्या. मी हे उदाहरण देते कारण त्यांनी मागितली ती आधी मैदानावरची जागा. बक्षिसं, शिबिरं, पाहुणे हे सगळं नंतर येतं. आपल्या इथे संध्याकाळी पाच ते साडेसात मैदानात जाऊन बघा. क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत घुसलेले, कडेने चालणाऱ्या बायका, आणि मुली बाकावर. मुलींना मैदान आवडत नाही असं नाही, त्यांच्या वाट्याला वेळ आलेली नाही.

भिंतीवर जो ब्राउन पेपर लावलाय त्यावर मी मुंबई सिटीच्या मोसमाचे रकाने पाडले आहेत. डावीकडचे भरलेले आहेत: सामने, गोल, गुण, नंबर. उजवीकडचे चार मी कोरे ठेवलेत. मुलींच्या निवड चाचण्या किती घेतल्या? बायकांचा संघ कधी उतरवणार? अंतर्गत समितीत कोण आहे आणि तिचा अहवाल कुठे वाचायला मिळेल? आपल्यासारख्या वस्त्यांतल्या मुलींसाठी सामन्याची किती तिकिटं ठेवणार आणि परतीची काय सोय? हे चार प्रश्न क्लबाला पत्राने विचारायचे. भाषा नम्र ठेवू, आपण त्यांचे शत्रू नाही, आपल्या मुली त्यांचा शर्ट घालतात. उत्तर आलं नाही तर महिन्याने दुसरं पत्र.

आणि दुसरा अर्ज महानगरपालिकेला. आठवड्यातून दोन संध्याकाळी, मंगळवार आणि शुक्रवार, दीड तास मैदानाचा अर्धा भाग मुलींसाठी. त्या वेळात स्वच्छतागृहाचं कुलूप उघडं आणि दिवा चालू. मसुदा तयार आहे. सही करताना नाव स्वतःचं लिहा, नवऱ्याचं नको, आणि इमारतीचा नंबर व सेक्टर नीट लिहा, नाहीतर अर्ज परत येतो. कागद मागच्या रांगेपासून पुढे येऊ दे. ज्यांच्या मुली शनिवारच्या गटात आहेत त्यांनी बैठक संपल्यावर दहा मिनिटं थांबा, हातमोज्यांच्या वर्गणीचं बोलायचं आहे.